तुळशीखालचं अर्थिंग

ह्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. अजूनही कुणी ना कुणी भेटायला येतं आणि बोलता बोलता म्हणतं, मास्तर फार सरळ माणूस, जन्मात कुणाशी भांडले नाहीत. मी मान हलवते. एकदा भांडायला हवं होतं तिथंही हे भांडले नाहीत, आणि ते आम्हा दोघांना जन्मभर पुरलं, हे आलेल्या माणसाला सांगून काय होणार. म्हणून लिहिते आहे.

लग्नानंतरची आमची पहिली वर्षं बऱ्हाणपुरात, शनवाऱ्याच्या वेशीजवळ भाड्याच्या घरात गेली. हे सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचे. मी नगरपालिकेच्या मुलींच्या मराठी शाळेत होते. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. मागच्या गल्लीत पॉवरलूम होते. त्यांचा खडखडाट दिवसभर चाले आणि वीज गेली की एकदम थांबे. तेव्हा कळायचं, की आपण घरातल्या घरात केवढ्या मोठ्यानं बोलत होतो.

राज्य नवं झालं होतं. नागपूर, अमरावती सगळं दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. महाकोशल, मध्य भारत, विंध्य, भोपाळ अशा चार ठिकाणच्या नोकरदारांना एका यादीत बसवायचं काम सुरू होतं. त्याला एकीकरण म्हणत. ते काही वर्षं चाललं. यादी पक्की होईपर्यंत कोण कुणाच्या वर आणि कोण खाली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणाचंही नाव खाली घसरे आणि त्याला रीवा, बस्तर, सरगुजा, कुठंही पाठवून देत. शिक्षकांच्या बायका बाजारात भेटल्या की भाजीच्या आधी यादीचं बोलत.

ह्यांना बऱ्हाणपुरातच राहायचं होतं. माझी शाळा मराठी होती, आणि तशी शाळा मला पुढं कुठंच मिळाली नसती. सासूबाई थकल्या होत्या. हेडमास्तरांच्या सांगण्यावरून ह्यांनी अर्ज केला, त्यात कारण घातलं, वृद्ध माता. मसुदा हे मला वाचून दाखवत होते. सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या, त्यांनी ऐकला.

"माझं म्हातारपण दाखवून इथं राहणार का तू?" त्या म्हणाल्या.

"आई, तसं लिहावंच लागतं."

"लिही बापा. पण मले वाचून दाखवू नको."

त्यानंतर त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. ह्यांना मात्र ते लागलं. पुढं जे झालं त्याचं मूळ मला तिथं दिसतं.

हेडमास्तर जबलपूरकडचे, हिंदी माणूस, मनानं चांगला. त्यांनी ह्यांना आणखी एक रस्ता दाखवला. शाळा उच्चतर माध्यमिक व्हायची होती. विज्ञानाचे वरचे वर्ग उघडायचे तर प्रयोगशाळा हवी, आणि ह्यांच्या शाळेत प्रयोगासाठी ॲसिडच्या दोन जुन्या बॅटऱ्या होत्या. त्या भरून आणायला कुणी तयार नसे. त्यांच्यामुळे ह्यांच्या सदऱ्यांना कायम भोकं पडलेली. हेडमास्तर म्हणाले, "मास्साब, कुछ ऐसा बना दो कि साहब देखें और कहें, यह आदमी यहीं चाहिए." साहेब म्हणजे विभागाचे अधिकारी. उन्हाळ्याच्या तोंडाला ते दौऱ्यावर यायचे होते.

म्हणून ह्यांनी एक यंत्र करायला घेतलं. भिंतीतली वीज घ्यायची आणि मुलांच्या प्रयोगाला लागणारी, हळू, एकाच दिशेनं वाहणारी वीज बाहेर द्यायची. लूमच्या मोटारी गुंडाळून देणाऱ्या एका दुकानातून हे तार आणत. दुकानदार विचारायचा, "मास्साब, घर में लूम डाल रहे हो क्या? बताओ तो सही, साड़ी का ऑर्डर दे दूँ." हे हसून तार पिशवीत टाकायचे. ओसरीवर बसून त्यांनी ती तार हातानं गुंडाळली, दर थराला कागद घालून. गुंडाळताना वेढे मोजायचे, त्यामुळे कुणी हाक मारलेली चालत नसे. सासूबाई म्हणायच्या, "देवाचा जप केला असता इतका, तर देव येऊन बसला असता ओसरीवर."

तुपाच्या मोठ्या डब्याचा पत्रा कापून खोकं केलं, त्याला राखाडी रंग दिला. पुढच्या बाजूला तारा जोडायच्या खुंट्यांच्या दोन जोड्या, एक लाल खुंटी आणि एक काळी, पुन्हा एक लाल आणि एक काळी. मधोमध एकटी हिरवी. दोन्ही जोड्यांतून बारा-बारा व्होल्ट मिळायचे.

मला विज्ञान फारसं येत नव्हतं. पण हे समजावून सांगत आणि मला ते ऐकायला आवडे. म्हणाले, "ह्या दोन जोड्या म्हणजे दोन शिड्या समज. प्रत्येकीला बारा पायऱ्या. शिडी अंगणात उभी केली काय आणि माडीवर नेऊन ठेवली काय, पायऱ्या बाराच. तिचा पाय जमिनीलाच टेकलेला हवा असं काही नाही. म्हणून मी ह्या खुंट्या जमिनीपासून सुट्या ठेवल्यात, तरंगत्या. एकीवर दुसरी ठेवली की चोवीस पायऱ्या होतात. कुणी दोघींचे पाय जमिनीत पुरले, तर एकीवर दुसरी चढणार कशी?"

"मग ही हिरवी कशाला?"

"ती खोक्याची. खोकं मात्र जमिनीला बांधलेलंच पाहिजे. आतली तार मी घरी गुंडाळलेली, तिच्यातून थोडी वीज पत्र्यात झिरपणारच. ती मुकाट्यानं जमिनीत गेली पाहिजे. माणूस हात लावतो तो खोक्याला."

एवढं मला कळलं. पुढं ज्यांना कळायला हवं होतं त्यांना ते कळलं नाही.

आमच्या घरात वीज होती, अर्थिंग नव्हतं. हे म्हणाले, ओलसर जागा पाहून एक पत्रा पुरू. उन्हाळ्यात बऱ्हाणपुरात ओलसर जागा कुठली? एकच होती, मागच्या अंगणातली तुळस. सासूबाई रोज आंघोळ झाली की तिला तांब्याभर पाणी घालीत, प्रदक्षिणा घालताना आणखी थोडं शिंपडीत. तिथली माती बारा महिने काळी असायची. ह्यांनी तुळशीच्या कट्ट्याला लागून खड्डा खणला, तांब्याचा पत्रा उभा पुरला, कोळसा भरला. कोळशाबरोबर मीठ घालायचं असतं, मीठ ओल धरून ठेवतं. सासूबाई दारातून पाहत होत्या.

"मीठ काय करायचं हाय?"

"खड्ड्यात घालायचं, आई."

"माझ्या तुळशीच्या मुळाशी? काही नको. जळून जाईल ती."

"मग पत्रा कोरडा पडेल."

"मी हाय ना पाणी घालाले. तुझ्या पत्र्यालेही मिळंल."

मीठ घालायचं राहिलं. हे दर रविवारी एका बल्बच्या दोन वायरी लावून अर्थिंग तपासत. बल्ब लख्ख लागे. सासूबाई विचारीत, "काय, प्याली का तुझी मशीन?" हे म्हणत, "प्याली." यंत्र चालू लागलं. दोन्ही शिड्या एकीवर एक ठेवल्या की मीटरचा काटा चोवीसवर जाऊन थांबायचा. हेडमास्तर दोनदा घरी येऊन पाहून गेले.

होळीनंतर सासूबाईंना ताप आला. तो उतरला नाही. तेवढे दिवस तुळशीला पाणी मी घातलं. चैत्रात त्या गेल्या.

फोपनारहून ह्यांचे काका आले. केळीच्या बागा, मोठं खटलं, भाऊबंदांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी आल्याबरोबर घर हातात घेतलं. ह्यांना आतल्या खोलीत घोंगडीवर बसवलं, कारण हे कर्ते. देव बासनात गेले. शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून विचारलं, तुळशीला आमच्याकडून घालू का पाणी? बऱ्याच घरांत तसं चालतं. काका म्हणाले, "ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरची तुळसबी सुतकातच. दहावा होऊ द्या." वहिनी आत गेल्या. ते दिवस पाण्याचा विचार करण्याचे नव्हते. तुळशीची पानं लोंबली, मग खडखडीत झाली, ते जाता-येता दिसे. त्या मातीखाली काय पुरलेलं आहे ह्याची आठवण घरात कुणालाच झाली नाही. ह्यांनाही नाही.

साहेब आले ते नेमके त्या आठवड्यात. यंत्र शाळेत न्यायचं ठरलं होतं, पण सुतकातल्या घरातून वस्तू बाहेर कशी काढणार, आणि हे तर पुढच्या दाराचा उंबरा ओलांडू शकत नव्हते. हेडमास्तरांनी साहेबांना सांगितलं, मास्तरांच्या आई गेल्या आहेत, भेटूनही होईल आणि यंत्रही पाहून होईल. साहेब ग्वाल्हेरचे, मराठी. ते लगेच हो म्हणाले. ते कळलं तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदा जीव आला. साहेब आपले आहेत, मराठी आहेत, त्यांना समजेल.

काका म्हणाले, "मयताच्या घरी लोक रडाले येतात. हे मशीन पाहाले येऊन राह्यले."

"काका, साहेब उद्या जाणार आहेत."

"जाऊ दे ना मग. सरकार काय मरून राह्यलं का?"

दुपारी चारच्या उन्हात साहेब आणि हेडमास्तर आले, मागून शिपाई. साहेबांनी बाहेर बूट काढले. शिपाई काढायला वाकला तर त्याला नको म्हणाले, स्वतः काढले, मोजेही काढले. ओट्यावर घंगाळात पाणी होतं, उन्हातून येणारे पाय धूत. साहेबांनी पाय धुतले आणि ओल्या पावलांनी सारवलेल्या जमिनीवरून आत आले. हेडमास्तर पायांत चपला तशाच ठेवून दाराशी उभे राहिले. साहेबांना सुतकाच्या घरची सगळी रीत ठाऊक होती. मी पाणी विचारलं नाही, त्यांनी मागितलं नाही. हे घोंगडीवरून उठू लागले तर म्हणाले, "बसा, बसा, आपण उठू नका. फार वाईट झालं. आई म्हणजे आईच." मग साहेबांनीच कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं. "आणि हे ते यंत्र का?"

हे घोंगडीवरच उभे राहिले, स्टूल हाताच्या अंतरावर होतं. बटण दाबलं. आईचं आजारपण सुरू झाल्यापासून यंत्राला हात लागला नव्हता. हे बोलू लागले आणि मला वाटलं, इतक्या दिवसांत एवढं तर ते कुणाशीच बोलले नाहीत. शिड्यांचं सांगितलं, दोन जोड्या जोडून दाखवल्या, काटा चोवीसवर गेला.

साहेब म्हणाले, "म्हणजे ह्या खुंट्या जमिनीला जोडलेल्या नाहीत?"

"नाही, साहेब. मुद्दामच नाही."

"मुद्दाम?"

"हो. त्या सुट्या आहेत म्हणून तर हे जमतं. काळी खुंटी जमिनीला बांधली की ह्याचा अर्धा उपयोग गेला."

"अस्सं," साहेब म्हणाले. "छान. हातानं केलंत सगळं?" आणि शाबासकी द्यावी तसा त्यांनी खोक्यावर तळवा ठेवला.

त्यांचा हात उडाला. कोपर मागच्या कपाटावर आपटलं. ते दोन पावलं मागे सरले आणि तळहाताकडे पाहत राहिले. दारातून हेडमास्तरांनी विचारलं, "क्या हुआ, साहब?"

"कुछ नहीं. करंट मारता है."

ह्यांनी बटण बंद केलं आणि आधार द्यायला हात पुढे केला. मग मागे घेतला. कर्त्यानं शिवलं असतं तर साहेबांना परत जाऊन आंघोळ करावी लागली असती. तो अर्ध्यावरून मागे घेतलेला हात मला अजून दिसतो. साहेब काही न बोलता बाहेर गेले, मोजे घातले, बूट घातले आणि निघाले. सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. त्यामुळे ते रागावून गेले की रीत पाळून गेले, हे आम्हाला कळायला काही मार्ग नव्हता.

काका ओसरीवरून म्हणाले, "पाहुण्याले बरा प्रसाद दिला."

हे बराच वेळ यंत्राकडे पाहत बसले. मग त्यांनी बल्बच्या वायरी काढल्या, एक विजेच्या तारेला लावली, एक हिरव्या खुंटीला. बल्ब लागला नाही. आतली तार लालसर झाली असेल-नसेल, तेवढीच. हे उठून मागच्या अंगणात गेले आणि तुळशीपाशी थांबले. माती भेगाळली होती. तेव्हा त्यांना कळलं आणि त्यांचं तोंड पाहून मलाही कळलं. इतके दिवस खोक्यात झिरपणारी वीज तुळशीच्या ओलीतून जात होती. आता तिला जायला जागा नव्हती. ती खोक्यातच थांबून राहिली, आणि ओल्या पायांच्या माणसानं हात लावल्यावर त्याच्यातून गेली. हे स्वतः कोरड्या लोकरीवर उभे होते, म्हणून ह्यांना काहीच जाणवलं नाही.

त्यांनी रांजणातून तांब्या भरला. काका आडवे आले.

"तांब्या ठेव."

"काका, एक तांब्या. तुळशीला नाही, मातीला घालतो."

"माती काय तुळशीपासून न्यारी हाय का?"

"त्या खाली पत्रा आहे. त्याला पाणी लागतं. साहेबांना तेवढं दाखवलं की—"

"माय गेली तुझी, नी तुले पत्र्याची पडली. लोकं काय म्हणतील? दहावा झाला की घाल, हंडाभर घाल. कोण नाही म्हणते तुले?"

मी मध्ये बोलले. म्हणाले, काका, ह्यांच्या बदलीचा प्रश्न आहे. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते ह्यांनाच म्हणाले, "तुझ्या मायनं पाळलं असतं की नाही सुतक, सांग." ह्यांनी तांब्या खाली ठेवला.

सासूबाईंनी पाळलं असतं का, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पत्र्याला पाणी मीच घालीन, असं त्या बोलून चुकल्या होत्या. मला वाटतं, त्यांनी दिराला दोन शब्द सुनावले असते. पण बोलणारी गेली होती आणि तिच्या नावानं दुसरेच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर ओट्यावर येऊन उभे राहिले. ह्यांनी त्यांना दारातूनच सगळं सांगितलं. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला आणि हसले. "तो इतनी सी बात है? दो लाइन लिख दो, मास्साब. मैं खुद डाक बंगले जाकर दे आता हूँ. साहब की गाड़ी दोपहर की है."

"क्या लिखूँ?"

"जो हुआ, वही."

मी कागद आणि दौत आणून ठेवली. हे कागदासमोर बसले. बाहेर हेडमास्तर ओट्यावर बसून वर्तमानपत्र हलवत वारा घेत होते. कागद कोराच राहिला. मी म्हणाले, "लिहा ना."

"काय लिहू? यंत्र चांगलं आहे, अर्थिंग कोरडं होतं. का कोरडं होतं? पाणी नव्हतं. का नव्हतं? आई मेली म्हणून."

"खरंच आहे ते."

"खरं आहे. तिच्या म्हातारपणावर एक अर्ज केला, तो तिनं कानांनी ऐकला. आता तिच्या मरणावर दुसरा करू? तिची राख अजून थंड झाली नाही."

"तेवढं गाळा. खुंट्या सुट्या आहेत ह्यात धोका नसतो, खोकं वेगळं आणि खुंट्या वेगळ्या, एवढंच लिहा. साहेबांनी दोन्ही एकच धरलंय."

"मग ते विचारतील, झटका का बसला."

"विचारू देत. विचारतील तेव्हा पाहू."

"अर्धं लिहिलं की ते खोटं होतं," हे म्हणाले.

मी शिकलेली होते, पुस्तकं वाचली होती, आणि अशा वाक्याला उत्तर काय द्यायचं ते मला त्या वेळी सुचलं नाही. नंतर पुष्कळ सुचलं. मेलेल्या माणसाचा मान राखायचा म्हणून जिवंत माणसांचं घर मोडायचं, ही कुठली सरळ वागणूक? आणि त्या कागदात आईचा कसला अपमान होता? तिच्या हातच्या पाण्यावर ते यंत्र चालत होतं, एवढंच तर त्यात आलं असतं. ह्यांना ते तसं दिसलं नाही. आपण पुन्हा एकदा आईला पुढं करून स्वतः मागे उभे राहतो आहोत, एवढंच दिसलं.

हेडमास्तर बराच वेळ थांबले. मग वर्तमानपत्र घडी करून म्हणाले, "आपकी मर्ज़ी," आणि गेले. दुपारी स्टेशनाच्या बाजूनं शिट्टी ऐकू आली तेव्हा हे घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते.

दहावा झाला, तेरावा झाला. काका फोपनारला गेले. जाताना मला म्हणाले, पोरी, आता देवाधर्माचं तू पाहा. मी पहिलं काम केलं ते तुळशीला पाणी घालायचं. ते झाड गेलंच होतं, शेजारून रोप आणून लावलं. आठवड्यानं ह्यांनी बल्ब लावून पाहिला. लख्ख लागला. तो बघायला आता कुणी येणार नव्हतं.

साहेबांचा शेरा उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. हेडमास्तरांनी तो ह्यांना वाचून दाखवला. शिक्षकानं यंत्र जाणूनबुजून जमिनीपासून तोडून ठेवलं आहे, तसं त्यानं स्वतःच सांगितलं, आणि त्यापासून मुलांच्या जिवाला धोका आहे, असा त्याचा आशय. सगळ्या काळ्या खुंट्या जमिनीला पक्क्या जोडल्याशिवाय यंत्र वर्गात नेऊ नये, असा हुकूम. आणि 'मुद्दाम' हा शब्द, जो हे अभिमानानं बोलले होते, तो साहेबांनी तसाच उचलून ठेवला होता. शेऱ्यामागोमाग बदली आली, सरगुजा जिल्ह्यातल्या एका गावी. अर्जाचं काय झालं म्हणून हेडमास्तरांनी चौकशी केली. उत्तर मिळालं, त्यात वृद्ध मातेचं कारण होतं, ते आता उरलेलं नाही.

हे एकटेच तिकडे गेले, जाताना यंत्र शाळेत देऊन. ह्यांच्या जागी आलेल्या शिक्षकांनी हुकमाप्रमाणे दोन्ही काळ्या खुंट्यांना तार लावून त्या खोक्याला बांधून टाकल्या. पुढं कधीतरी त्यांना चोवीस व्होल्ट हवे झाले. त्यांनी एका जोडीवर दुसरी चढवली. दोन्ही शिड्यांचे पाय जमिनीत पुरलेले, त्यामुळे एका जोडीची टोकं आपसात जुळली, आतली तार तापली, धूर निघाला. हेडमास्तर मला बाजारात भेटले तेव्हा खाली मान घालून सांगत होते. शाळेत सगळे म्हणाले, बघा, साहेबांनी आधीच ओळखलं होतं. मी हे ह्यांना पत्रातून कळवलं. उत्तरात ह्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी सरगुज्याला गेले. दोन गाड्या बदलून, मग बस, मग एका ट्रकमध्ये पुढं बसून. शाळा सालाच्या झाडांत होती, कौलारू, तीन खोल्यांची. आमच्याकडची सुट्टी लागली होती, त्यांची अजून लागायची होती. मी व्हरांड्यात बसून ह्यांचा तास ऐकला. हे फळ्यावर खडूनं तारेचे वेढे काढत होते, एका बाजूला थोडे, एका बाजूला जास्त. त्या गावात वीज नव्हती. खांबही नव्हते. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मास्साब, आपने देखी है बिजली?" वर्ग हसला. हे म्हणाले, "देखी है." आणि पुढचे वेढे काढू लागले.

संध्याकाळी मी म्हणाले, "पुन्हा अर्ज करा."

"कशावर?"

"माझी नोकरी बऱ्हाणपुरात आहे, ह्यावर."

"तोंडी विचारलं होतं मी. ते म्हणाले, बायकोनं नोकरी सोडावी."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "तू सोडू नकोस." त्यांनी हे माझ्यासाठी म्हटलं की आणखी एक भांडण टाळायला, हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारता येत नाही. मी नोकरी सोडली नाही. काही वर्षांनी आमच्या शाळेतले मराठीचे वर्ग कमी कमी होत हिंदीत मिळाले, आणि मी हिंदीतून शिकवू लागले. मग तर सरगुज्याला जाऊनही तेच करता आलं असतं. पण तोवर सुट्टीत भेटायची सवय झाली होती.

यादी केव्हातरी पक्की झाली. ह्यांचं नाव बऱ्यापैकी वर होतं, असं कुणीतरी सांगितलं. त्यानं काही बदललं नाही. दर दिवाळीला आणि दर उन्हाळ्यात एक जण दुसऱ्याकडे जायचा, आणि आमचा संसार तेवढाच झाला. हे तिकडूनच निवृत्त झाले आणि एक ट्रंक, एक वळकटी घेऊन बऱ्हाणपूरला परत आले. आम्ही दोघंही एकेकटं जेवायला इतके सरावलो होतो, की पानात भाकरी किती वाढायची हे मला ह्यांना विचारावं लागलं.